मोलकरणीचं बोट धरून 'पर्सेपोलिस' वाचायचं कसं

हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते एका रविवारी दुपारी, दोन-अडीच तासांत. चित्रं आहेत, काळंपांढरं आहे, फुगे भराभर वाचून होतात, पानं कधी उलटली कळत पण नाही. संपल्यावर डोक्यात काय उरलं, तर इराणमध्ये क्रांती झाली, पोरींच्या डोक्यावर स्कार्फ आला, ही मुलगी आगाऊ होती, शेवटी बिचारी आईबापांपासून लांब गेली. एवढंच. पुढे भाचीला कॉलेजात ह्याच पुस्तकावर असाइनमेंट आली, बालपणाच्या आठवणींत युद्ध, धर्म आणि सामाजिक वर्ग कसे येतात असा विषय, आणि ती म्हणाली, मावशी, युद्ध दिसतंय, धर्म पण दिसतोय, पण ह्यात वर्ग कुठेय गं? मला सांगता येईना. मग दोघींनी पेन्सिली घेऊन परत वाचायला घेतलं आणि माझी मलाच लाज वाटली, कारण वर्ग पहिल्या दहा पानांतच होता, वेगळा जेवत बसलेला.

तर आम्ही जे केलं ते इथे ओळीने लिहितेय. परीक्षेसाठी, बुक क्लबसाठी, नाहीतर नुसतंच नीट वाचायचंय म्हणून, कशालाही चालेल.

सुरुवात करायच्या आधी

लेखिका मर्जान सत्रापी, जन्म १९६९, इराणमधलं रश्त शहर, पण वाढली तेहरानमध्ये. पुस्तक मूळ फ्रेंचमध्ये, २००० ते २००३ ह्या काळात चार भागांत आलं. इंग्रजीत पहिले दोन भाग एकत्र करून बालपणाचं एक पुस्तक केलंय, त्यात १९ प्रकरणं आहेत, आणि आपल्याला सध्या तेवढंच हवंय. पुढे व्हिएन्नाला जाते, परत येते, तो मोठेपणाचा भाग नंतर वाचा. इंग्रजी सोपं आहे, घाबरायचं कारण नाही. सिनेमा आहे २००७ चा, छान आहे, पण आधी बघू नका, कारण ह्या पुस्तकातल्या अर्ध्या गोष्टी एका पानावर कुठली चौकट कुठल्या चौकटीखाली आहे ह्यात सांगितल्यात आणि पडद्यावर पानच नसतं.

अजून एक. आपल्याकडे इराणी म्हटलं की बन-मस्का आणि काउंटरवर बसलेले बावाजी डोळ्यांसमोर येतात. ते बहुतेक यझ्द-केरमानकडून आलेले झरतुष्ट्री लोक. ह्या पुस्तकातली माणसं शिया मुसलमान समाजातली, शहरी, शिकलेली, डाव्या विचारांची, घरात वाइन पिणारी. हे आधी डोक्यात नीट बसवा, नाहीतर 'इराणी कुटुंब' म्हणून सरसकट वाचलं जातं आणि मग वर्ग दिसतच नाही.

पहिली पायरी: एका कागदावर दोन रांगा

वरच्या रांगेत देशाच्या तारखा, खालच्या रांगेत मार्जीचं, म्हणजे पुस्तकातल्या लहान मर्जानचं, वय. ऑगस्ट १९७८, आबादानच्या रेक्स सिनेमाला आग. ८ सप्टेंबर १९७८, तेहरानमध्ये मोर्चावर गोळीबार, त्याला काळा शुक्रवार म्हणतात. जानेवारी १९७९ मध्ये शहा, म्हणजे इराणचा राजा, देश सोडून गेला, फेब्रुवारीत धर्मगुरू खोमेनी परत आले. २२ सप्टेंबर १९८० ला इराकने हल्ला केला. मे १९८२ मध्ये इराणने इराककडे गेलेलं खोर्रमशहर परत घेतलं. १९८४ मध्ये मार्जी १४ वर्षांची असताना व्हिएन्नाला. युद्ध थांबलं २० ऑगस्ट १९८८ ला.

आता दोन्ही रांगा एकत्र बघा. युद्ध चाललं जवळजवळ आठ वर्षं आणि ही पोर त्यातली चारच वर्षं तिथे होती, तीसुद्धा तेहरानमध्ये, आघाडीवर नाही. म्हणजे हे युद्धाचं पुस्तक नाहीच, हे युद्ध घरात कुठून कुठून शिरलं त्याचं पुस्तक आहे. ही एक ओळ मनात पक्की केली की पुढचं सोपं जातं.

दुसरी पायरी: दोन आवाज, दोन पेन्सिली

चित्राच्या चौकटीत वरती जे लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा मोठी झालेली मर्जान बोलतेय, फ्रान्समध्ये बसून, तिशीतली बाई. फुग्यात बोलते ती पोर. दोघींना वेगवेगळ्या रंगाने खुणा करा. लहानीला बऱ्याचदा कळतच नसतं आणि मोठी तिला दुरुस्त करत नाही, नुसती बाजूला उभी राहते. युद्ध सुरू झालं तेव्हा ही पोर चक्क खूश आहे, देशाभिमान उसळलाय, वडील लढायला उत्साही दिसत नाहीत म्हणून त्यांच्यावरच रागावलीय. मोठीला माहितेय पुढे काय होणारे, पण ती पोरीला शहाणी करून दाखवत नाही. आत्मकथेत हे जमायला जिगर लागते, बहुतेक लोक आपल्या दहा वर्षांच्या तोंडात चाळिशीची अक्कल घालतात.

तिसरी पायरी: पहिल्या दोन चित्रांवर पाच मिनिटं थांबा

पहिलं चित्र, १९८०, दहा वर्षांची मार्जी हिजाबात, हाताची घडी. दुसरं चित्र वर्गाचा फोटो, सगळ्या मुली सारख्याच दिसतायत, आणि मार्जी एकदम डाव्या कडेला बसल्यामुळे चौकटीत मावलेलीच नाही, तिचा जरासाच भाग दिसतो. बास. लेखिकेने पहिल्याच पानावर सांगून टाकलं की मी ह्या वर्गात आहे पण ह्या फोटोत नाही. हिजाब म्हणून लगेच धर्माच्या खात्यात टाकू नका. पुढच्याच पानांवर पोरी त्या कापडाशी काय काय खेळ करतायत ते बघा, आणि तिची शाळा कसली होती ते पण बघा, मुलंमुली एकत्र, फ्रेंच शिकवणारी शाळा. ती बंद झाली. तशा शाळेत कुणाची पोरं जात असतील हा प्रश्न वहीत लिहून ठेवा, धर्म आणि वर्गाची पहिली गाठ इथेच आहे.

चौथी पायरी: मोलकरीण जिथे जिथे येते तिथे कागदाची खूण घाला

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि मी पहिल्यांदा हीच चुकले होते.

सहा वर्षांच्या मार्जीला प्रेषित व्हायचंय. का? तर तिची कारणं अशी: आमची मोलकरीण आमच्याबरोबर जेवत नाही, बाबांकडे कॅडिलॅक गाडी आहे, आणि मुख्य म्हणजे आजीचे गुडघे दुखतात. आपण हसतो आणि पुढे जातो. थांबा. लहान पोरीला देव कशाला हवाय, तर घरातल्या जेवणाच्या टेबलावरचा अन्याय मिटवायला. धर्म आणि वर्ग इथे दोन वेगळे विषय नाहीतच. तिच्या छोट्या पवित्र ग्रंथात नियमच आहे की मोलकरणींनी सगळ्यांबरोबर टेबलावर जेवायचं.

हे आम्ही वाचत होतो तेव्हा भाची उठून माझ्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि परत आली ती हातात एक कप घेऊन. कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. म्हणाली, हा कुणाचा? मी काही बोलले नाही. आमच्याकडे येणाऱ्या ताईंचा तो कप, वर्षानुवर्षं तिथेच, आणि कुणी मुद्दाम ठरवून ठेवलाय असंही नाही, तो आपला तिथेच असतो.

आता 'पत्र' नावाचं प्रकरण काढा. मेहरी आठ वर्षांची असताना ह्यांच्या घरी कामाला आली, तिच्या आईबापांना चौदा-पंधरा पोरं, खायला घालायची सोय नाही. तिला लिहितावाचता येत नाही. शेजारच्या मुलावर तिचं मन बसतं, मार्जी तिच्या वतीने पत्रं लिहून देते. मुलाला वाटत असतं की ही मार्जीची बहीण. मग वडिलांना कळतं आणि ते, लक्षात घ्या, हे वडील डावे, शहाच्या विरोधात मोर्च्याला जाणारे, ते जाऊन त्या मुलाला सांगतात की ती बहीण नाही, मोलकरीण आहे. मुलाचं प्रेम तिथल्या तिथे संपतं. आणि पोरीला समजावतात की ह्या देशात ज्याने त्याने आपापल्या वर्गातच राहायचं असतं.

ह्याच प्रकरणात मार्जी अली अश्रफ दरविशियान ह्या इराणी लेखकाच्या गोष्टी वाचतेय, गरीब पोरांच्या, गालिचे विणणाऱ्या पोरांच्या, आणि वाचता वाचता तिला कळतं की वडिलांच्या कॅडिलॅकमध्ये बसायची आपल्याला लाज का वाटते. आणि मग लगेच, अरे, आपल्या घरात पण मोलकरीण आहे की! पुस्तकात कळलेला अन्याय घरात दिसायला एक सेकंद लागतो, पण तो एक सेकंद फार थोड्या लोकांच्या आयुष्यात येतो. मग मार्जी आणि मेहरी दोघी मोर्च्याला पळून जातात, नेमक्या काळ्या शुक्रवारी. परत आल्यावर दोघींना आईच्या हातची थप्पड. वर्ग वेगळा, दोघी पडतात तो पलंग एक, थप्पड पण एक.

वहीत एवढंच लिहा: क्रांती रस्त्यावर चाललीय, आणि घरात ती दारापर्यंत येऊन थांबलीय. असाइनमेंटचा अर्धा मुद्दा झाला.

पाचवी पायरी: वर्ग म्हणजे फक्त श्रीमंत-गरीब असं धरू नका

मार्जीच्या आईचे वडील काजार राजघराण्यातले. रेझा शहाने, म्हणजे १९७९ मध्ये देश सोडलेल्या शहाच्या वडिलांनी, त्या घराण्याची गादी घेतली, आजोबा पुढे कम्युनिस्ट झाले, तुरुंगात गेले. आजी सांगते की इतकी ओढग्रस्त होती की चुलीवर नुसतंच पाणी उकळत ठेवायची, शेजाऱ्यांना वाटावं आमच्याकडे काहीतरी शिजतंय. हे चित्र शोधा आणि मेहरीच्या पानाशेजारी मनात ठेवा. भुकेची लाज लपवायला पण एक घराणं लागतं. मेहरीच्या आईबापांना ती चैन नव्हती, त्यांनी पोर दिली.

मग युद्धात आबादानची रिफायनरी जळते आणि तिथून आईची मैत्रीण मालीचं कुटुंब निर्वासित होऊन ह्यांच्या घरी येतं. कालपर्यंत बडी घरंदाज बाई, आता सोबत आणलेले दागिने विकून जगायचं. सुपरमार्केटमध्ये तेहरानच्या बायका निर्वासित बायकांबद्दल जे घाणेरडं बोलतात ते मालीच्या कानावर पडतं. घर बेचिराख झालं ते तिने सोसलं, हे बोलणं नाही सोसत. युद्ध वर्ग कसा खाली ढकलतं ते ह्या एका प्रकरणात आहे.

सहावी पायरी: देवाची हजेरी घ्या

पांढऱ्या दाढीचा देव रात्री मार्जीच्या खोलीत येतो, तिला कुशीत घेतो. तो किती वेळा येतो, कधी येत नाही, ह्याची यादी करा. गंमत म्हणजे देव आणि कार्ल मार्क्स दिसायला सारखेच आहेत, फक्त मार्क्सचे केस जास्त कुरळे. विनोद आहेच, पण खरा मुद्दा आहे की ह्या पोरीसाठी दोघांकडे कामही एकच होतं, टेबलावरचा अन्याय मिटवायचं.

मग काका अनूश. नऊ वर्षं तुरुंगात राहिलेला, पावापासून हंस करून देणारा, तिचा हिरो. नवीन सरकार त्याला रशियाचा हेर म्हणून ठार मारतं. त्या रात्री देव येतो आणि ती त्याला हाकलून देते, निघ इथून, परत तोंड दाखवू नकोस. पुढचं चित्र बघा, पोर अंतराळात तरंगतेय, आधार नाही, आणि तेवढ्यात बॉम्ब पडतायत, तळघरात पळा असा आवाज येतो. देव गेला आणि युद्ध आलं, लागोपाठ. तारखांच्या हिशोबात ह्यात अंतर आहे, पण आठवणीच्या हिशोबात नाही, आणि आत्मकथा आठवणीच्या हिशोबाने चालते.

ह्याच्या समोर शाळेतला धर्म ठेवा. रोज शहिदांसाठी छाती पिटायची. मोहरमचा मातम ज्यांनी बघितलाय त्यांना ते लगेच कळेल, जी गोष्ट वर्षातून एकदा दुःखातून येते ती इथे टाइमटेबलमध्ये आलीय, आणि मग मुली काय करणार, नाटकं करणार, खिदळणार. धर्माची टिंगल म्हणून हे वाचू नका, हुकमी रडण्याची टिंगल आहे. श्रद्धा खरी कुणाची होती ते पुढे येतंय.

सातवी पायरी: किल्लीचं पान

पुस्तकातलं एकच पान नीट वाचायला वेळ असेल तर हे वाचा. प्रकरणाचं नावच 'किल्ली'.

आता घरात कामाला नसरीनबाई आहे. एक दिवस ती हातात एक किल्ली घेऊन रडवेली येते. प्लास्टिकची, वरून सोनेरी रंग. तिच्या १४ वर्षांच्या मुलाला शाळेत दिलीय, सांगितलंय की युद्धात मेलास तर ह्या किल्लीने स्वर्गाचं दार उघडेल. स्वर्गात खायला भरपूर, बायका, सोन्याहिऱ्यांची घरं. म्हणजे त्या पोराकडे जे जे नाही ते सगळं. ती बाई म्हणते की मी जन्मभर धर्माने वागले, पाच पोरं रडत रडत वाढवली, आणि आता ह्या किल्लीच्या बदल्यात माझा थोरला मागतायत, आता कशावर विश्वास ठेवू कळत नाही. ह्या अख्ख्या पुस्तकात सगळ्यात खरी श्रद्धा ह्या बाईची आहे आणि सगळ्यात खोल मोडतेही तिचीच, आणि ती दोनेक पानांवर येऊन जाते.

मग मार्जी आपल्या नात्यातल्या पेमानला फोन करते, तुमच्या शाळेत वाटल्या का रे किल्ल्या? त्याला कळतच नाही ही कसल्या किल्ल्यांबद्दल बोलतेय. तो उलट पार्टीला ये म्हणतो. एवढंच संभाषण. कुणाच्या शाळेत किल्ल्या वाटल्या आणि कुणाच्या शाळेत नाही, ह्यावर दुसऱ्या कुणी भाषण ठोकलं असतं.

आता शेवटचं पान. वर मोठी चौकट, सुरुंगाच्या मैदानात उडणारी पोरं, नुसत्या काळ्या आकृत्या, गळ्यात किल्ल्या. खाली छोटी चौकट, पार्टीत उड्या मारणारी पोरं, मार्जीच्या अंगात आईने विणलेला भोकाभोकांचा पंक स्वेटर, गळ्यात खिळ्यांची माळ. दोन्ही चौकटींतल्या पोरांचे हातपाय जवळपास सारखेच फेकलेले. गळ्यात दोन्हीकडे काहीतरी आहेच. खालच्या पोरांना चेहरे आहेत, वरच्यांना नाहीत. पेन्सिल घेऊन वरच्या एका आकृतीपासून खालच्या पोरापर्यंत रेघ मारून बघा, आम्ही मारली, भाची बराच वेळ गप्प होती.

एक सावधगिरी पण. प्लास्टिकच्या किल्ल्या खरंच सर्रास वाटल्या गेल्या का, ह्यावर वाद आहे. काहींचं म्हणणं की सैनिकांजवळ 'मफातीह अल-जिनान' नावाचं शियांचं लोकप्रिय प्रार्थनेचं पुस्तक असायचं, नावाचा अर्थच स्वर्गाच्या किल्ल्या, त्यावरून ही गोष्ट पसरली. तेव्हा असाइनमेंटमध्ये 'इराण सरकारने लाखो किल्ल्या वाटल्या' असं ठोकून देऊ नका. 'सत्रापीच्या आठवणीत ही किल्ली नसरीनबाईच्या हातात आहे' असं लिहा.

आठवी पायरी: लेखिकेवर पण थोडा संशय घ्या

ताहेरकाकांना हार्ट अटॅक येतो, ऑपरेशनसाठी देशाबाहेर न्यायचं तर परवानगी हवी, आणि ती देणारा हॉस्पिटलचा प्रमुख निघतो काकूंकडे पूर्वी खिडक्या पुसायला येणारा माणूस. दाढी वाढवली, खुर्ची मिळाली. सगळं देवाच्या हातात आहे म्हणतो. काकूंचा संताप बरोबरच आहे, नवरा मरायला टेकलाय. पण संतापात एक शब्द राहून राहून येतो, खिडक्या पुसणारा. माझं मत सांगते, वाद घाला हवं तर: इथे पुस्तक स्वतःच्याच वर्गाच्या बाजूने झुकतं. मेहरीच्या वेळी पोरीने विचारलं होतं की कुठल्या घरात जन्माला आली ह्यात तिचा काय दोष, इथे तो प्रश्न कुणी विचारत नाही. नालायक माणूस खुर्चीत बसला हा मुद्दा वेगळा आणि खिडक्या पुसणारा खुर्चीत बसला हा वेगळा, आणि ह्या पानावर ते दोन्ही एकमेकांत मिसळलेत. हे लिहिलंत तर तुमचा लेख बाकीच्यांपेक्षा वेगळा होईल, कारण सगळे फक्त कौतुक करतात.

आणि मार्जीला स्वतःला काय काय मिळतं तेही बघा. आईबाप तुर्कस्तानातून कोटाच्या अस्तरात पोस्टर शिवून आणतात, नायकेचे बूट येतात, ती तेहरानच्या गांधी अव्हेन्यूवर चोरून कॅसेट घ्यायला जाते (हो, आपलेच गांधी, त्यांच्या नावाचा रस्ता), आणि शेवटी १४ व्या वर्षी विमानात बसून जाते. नसरीनबाईचा मुलगाही १४ चाच. हे वय पुस्तकात कुणी जोडून दाखवलेलं नाही, आपण जोडायचं.

लिहायला बसताना

युद्धाचा एक परिच्छेद, धर्माचा एक, वर्गाचा एक, असं तीन खोक्यांत लिहू नका. भाचीचा पहिला ड्राफ्ट तसाच होता आणि वाचताना झोप येत होती. मग तिने एकेक वस्तू घेतली, जेवणाचं टेबल, पत्र, उकळतं पाणी, किल्ली, आणि प्रत्येक वस्तूत तिन्ही गोष्टी कशा आहेत ते लिहिलं. पुराव्यासाठी प्रकरणाचं नाव नको, चौकट सांगा, कुठली वर, कुठली खाली, कोण चौकटीबाहेर. लेखिकेच्या भावना काय असतील ह्यावर कमी, आणि चित्रात काळं किती पांढरं किती ह्यावर जास्त.

शेवटी शेजारच्या बाबा-लेवी कुटुंबाचं पान येतं. ज्यू लोक, शनिवार म्हणून घरीच असलेले, आणि क्षेपणास्त्र त्यांच्याच घरावर. ढिगाऱ्यात मार्जीला मैत्रीण नेदाची फिरोज्याची बांगडी दिसते, आणि बांगडी अजून कशाला तरी अडकलेली आहे, कशाला ते ती सांगत नाही. प्रकरणाची शेवटची चौकट पूर्ण काळी, काही काढलेलंच नाही. ह्या चौकटीवर भाचीने अर्धं पान लिहिलं होतं, प्रतीक वगैरे. मी काही म्हणाले नाही, तिने स्वतःच खोडलं, आणि तिथे लिहिलं की इथे चित्र नाही.